एका पेटीत वाघूळ आणि भेक

४ मार्च

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळेना, म्हणून नुसतंच दादा. एवढ्यावर भागवून घे.

तुझं पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर आलं. पहारेकऱ्याने ते सगळ्यांसमोर हातात ठेवलं आणि वर विचारलं, "ताई, तुरुंगातून?" म्हटलं, "नाही, मामाकडून. जामिनावर सुटलाय." तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. तू मामाच्या माडीवर राहतोस, ठाण्यात हजेरी लावतोस, दारूला शिवत नाहीस, मामीच्या हातचं खाऊन वजन वाढलं, सगळं वाचलं. वाढू दे वजन. माझा फोन नंबर मात्र मागू नकोस. तो बदललाय आणि तुला मिळणार नाही. लिहायचं तर पत्र लिही.

पानभर गोड लिहून शेवटच्या ओळीत जे विचारायचं ते तू विचारलंसच. "ती कुठे आहे?" ती म्हणजे वहिनी. साधं 'माझी बायको' लिहायलाही तुझं पेन अडतं. सांगणार नाही, दादा. तिच्या आसपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम आहे आणि फिरकलास तर जामीन रद्द, हे वकिलांनी तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर मी सांगते. ठकी बरी आहे. उंच झाली आहे. तुझ्या आवाजाच्या माणसाने रस्त्यात कुणाला हाक मारली की ती पूर्वी जागीच ओली व्हायची, ते आता थांबलंय. लेकीबद्दल इतकंच सांगण्यासारखं आहे.

तुझे वकील म्हणाले, वहिनी जिन्यावरून पडली. जिन्यावरून पडून गळ्याचं हाड मोडतं, हे मान्य. पण जिन्यावरून पडून कानामागे इस्त्रीच्या टोकाचा डाग कसा उठतो, ते मला समजावून सांग. माझं आयुष्य कातडीत गेलं. कुठली जखम धारेची, कुठली दाताची, कुठली तापलेल्या लोखंडाची, हे मला कुणी शिकवायला नको. तो डाग मी रोज बघते. बघत होते, असं वाच.

माझं म्हणशील तर तेच तळघर, तेच मेलेले प्राणी, हातांना तोच फॉर्मेलिनचा वास. साहेबांच्या डोक्यात सध्या नवी पेटी आहे. काचेच्या एकाच पेटीत वटवाघूळ आणि भेक, शेजारी शेजारी, शाळेच्या मुलांनी दोघांची तुलना करावी म्हणून. ऐकलं आणि मला हसूच फुटलं. खिडकीच्या गजांत गुडघे अडकवून उलटा लटकायचास म्हणून तू वाघूळ आणि मी बुटकी, गोल, हनुवटी नसलेली, म्हणून बेडकी. सगळ्या गल्लीने मग मला तेच नाव लावलं, अजून त्याचा हिशोब बाकी आहे. भेक म्हणजे तरी काय, बेडकाचाच चुलतभाऊ. अंगभर चामखिळी आणि उडी मारायचा कंटाळा. तर दादा, आपल्या दोघांची पेटी होते आहे.

वाघूळ मांजराने मारलेलं मिळालं. मानेला चावा आहे, पण कान शाबूत आहेत. कान बघशील तर घाबरशील. डोक्यापेक्षा मोठे.

बेडकी


१५ मार्च

दादा,

माफी मागितलीस. वाचून रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की माफी तू माझी मागितली आहेस. मला तू आयुष्यात कधी बोटही लावलं नाहीस. ज्यांना लावलंस त्यांच्याबद्दल पत्रात एवढंच आहे, की "तिने मला त्या थराला नेलं". म्हणजे इस्त्रीही तिनेच तापवली असेल.

पेटीचं विचारलंस, बरं वाटलं. निदान एक गोष्ट तू खरीच विचारलीस. वाघळाचं काम चालू आहे. पंखाची हाडं छत्रीच्या काड्यांसारखी, त्याहून बारीक, त्यात तार घालायची म्हणजे श्वास रोखून. माहितीसाठी आमच्याकडे एक बाई येतात, आयुष्यभर वटवाघळांच्या मागे हिंडलेल्या. आम्ही त्यांना वाघूळबाई म्हणतो, त्यांनाही ते आवडतं. त्या म्हणाल्या, बाकीची वाघळं अंधारात ओरडतात आणि पडसादावरून वाट काढतात. हे मोठ्या कानांचंही तसंच उडतं, पण बेडूक धरायचा असला की ओरडत नाही. गप्प लटकून राहतं आणि ऐकतं. खाली बेडूक मादीला हाक मारत असतो. ती हाक मादीच्या आधी याच्या कानावर पडली की संपलं. उचलून आपल्या लटकायच्या जागी नेतं आणि डोक्यापासून सुरुवात करतं. सकाळी त्या जागेखाली नुसत्या तंगड्या पडलेल्या असतात. पिशवी भरून तंगड्या त्यांनी माझ्या टेबलावर ओतल्या आणि मग चहा मागितला.

धरतात कसं त्याला, तेही मला दाखवलं. मागच्या बागेत हौदापाशी छोटा स्पीकर ठेवायचा, त्यावर बेडकाचा आवाज लावायचा, पुढे बारीक जाळं ताणायचं आणि गप्प बसायचं. मी विचारलं, "एवढं कानाचं तिखट जनावर, त्याला जाळं कळत नाही?" त्या म्हणाल्या, "एरवी कळतं हो. आवाजावर झेप घेतलेली असली की कळत नाही."

आणि मला आपला बोळ आठवला. आई दवाखान्यात पाळीवर. बाबा पिऊन यायचे आणि दिवा लावायचे नाहीत. बोळात उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत, नुसते उभे राहून ऐकायचे. जो आधी आवाज करील त्याची पाळी. मी शिवणयंत्राखाली फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबून बसलेले, तू कपाटाआड. त्या दिवशी मला उचकी लागली होती. दाबून दाबून छातीत कळ आली आणि शेवटी एक सुटलीच. बाबांचं पाऊल माझ्याकडे वळलं आणि तू खोकलास. मुद्दाम, मोठ्याने, सर्दी झाल्यासारखा. पट्ट्याचं बक्कल पितळेचं होतं. तुझे समोरचे दोन दात भिंतीखाली सापडले, ते मी दुसऱ्या दिवशी आगपेटीत घालून ठेवले. खूप दिवस होते माझ्याकडे.

तो खोकला मी विसरले आहे असं समजू नकोस. म्हणूनच तुला पत्र लिहिते, नाहीतर तुझं पाकीट न फोडता शेगडीत घातलं असतं.

तळघरात आता पूर्वीसारखी शांतता नाही. लेबलं लिहायला एक बाई ठेवली आहे. अक्षर मोत्यासारखं, पण काम करताना गुणगुणते. एकच ओळ, तीही अर्धी. वरचा सूर लागला नाही की सोडते आणि पुन्हा पहिल्यापासून. आधी वैताग यायचा, आता सवय झाली. जाऊ दे, तुला काय त्याचं. मागच्या उतारावरच्या दाराची कडीही अजून तशीच तुटकी आहे. साहेबांना काच आणायला पैसे आहेत, कडीला नाहीत. कोणी आत शिरून आमची मढी नेणार आहे का, म्हणतात.

बेडकी


२९ मार्च

दादा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "लेबलंवालीला सांग, अर्धी राहिलेली ओळ मी येऊन पुरी करतो. गळा शिल्लक राहिला तर तिनेही म्हणावी." खाली सहीही नाही. अक्षर मात्र तुझंच, आणि पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय.

तुझा काहीतरी गैरसमज झालाय. ती कोणी तिसरीच बाई आहे. गाणारी बायको जगात तुझ्या एकट्याचीच आहे का? उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. मामाकडे आहेस तिथेच राहा.

पाठचं पान कोरं सोडवत नाही म्हणून भेकाचं लिहिते. मागच्या खेपेला सगळी वाघळाचीच स्तुती झाली.

भेकाला दात नाहीत. नखं नाहीत. पळता येत नाही, चालतो, तेही म्हाताऱ्यासारखं. डोळ्यांच्या मागे दोन फुगवटे असतात, त्यात पांढरं दुधासारखं विष. ते तो कुणावर फेकत नाही, कुणाला टोचत नाही. कुणी चावलं तरच ते बाहेर येतं. म्हणजे बघ, काय जनावर आहे. सगळं हत्यार दुसऱ्याच्या दातांवर अवलंबून.

परवा ते डोळ्यांनी पाहिलं. पहारेकऱ्याचा कुत्रा, तो पिवळा दांडगट, जो मलाही गुरगुरतो, त्याने हौदाकाठचा भेक तोंडात धरला. भेक फुगला, डोकं खाली घालून बसला, हललाही नाही. कुत्र्याने दात रुतवले, झटके दिले, एक तंगडी उपटून काढली. आणि मग एकदम टाकून दिला. तोंडातून फेस, डोळे पांढरे, जमिनीवर तोंड घासतोय, ओरडतोय, पाय लटपटतायत. पहारेकरी रडकुंडीला आला. पाण्याच्या नळीने तोंड धुऊन धुऊन कसाबसा वाचवला. आता तो कुत्रा हौदाकडे जात नाही. भेक दिसला की शेपूट पायात घालून लांबून वळसा घेतो.

भेकाचं काय झालं, ते कोणी विचारत नाही. तो उरलेल्या तंगड्यांवर सरकत पाण्यापर्यंत गेला आणि सकाळी तिथेच मेलेला सापडला. तोच मी पेटीसाठी घेतला. विष होतं म्हणून तो वाचला, असं नाही. त्याच्यामुळे हौदातले बाकीचे वाचले. कुत्र्याला अक्कल यायची तर एकाला तरी दाताखाली जावं लागतं. हे मी साहेबांना म्हणाले, तर ते म्हणाले, "वा, हे लेबलवर घेऊ." मी म्हटलं, "मुळीच नको."

आणखी एक ऐक. विणीच्या दिवसांत नरांना काही सुचत नाही. जे हलेल त्याला मागून मिठी मारतात, दुसरा नर असला तरी. मग तो खालचा नर कुरकुर करून ओरडतो, म्हणजे सोड, मी नर आहे. की हा सोडतो. मादी बहुतेक गप्पच. तिच्यावर कधी कधी चार चार नर चढतात आणि ती पाण्याखाली गुदमरून मरते. पण वाघूळबाई म्हणाल्या, काही माद्या अंग फुगवतात. इतकं, की वरच्याचे हात पुरत नाहीत आणि पकड घसरते. ओरडणं नाही, चावणं नाही, नुसतं फुगणं. गल्लीतली पोरं मला चिडवायची, बेडकी कितीही फुगली तरी बैल होत नाही. बैल कुणाला व्हायचं होतं?

साहेबांचं आणि वाघूळबाईंचं वाजलंय. साहेबांना वाघळाच्या जबड्यात भेक हवा, रक्तासकट. पोरं थांबून बघतील, म्हणतात. बाई म्हणतात, भेक तोंडाला लागला की वाघूळ टाकून देईल असा माझा अंदाज आहे, पण मी अजून पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी काचेत घालू देणार नाही. दोघं माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, वाघूळ वर लटकवा, भेक खाली बसवा आणि मधली जागा मोकळी सोडा. पुढचं ज्याचं त्याने समजावं.

पेटी पुढच्या बुधवारी वर चढवायची आहे. बुधवारी संग्रहालय बंद, सगळे गडी वरच्या दालनात, दुपारभर खाली आम्ही दोघीच. म्हणजे मी आणि ती लेबलंवाली. पुन्हा सांगते, तुझा गैरसमज आहे.

बेडकी


१९ एप्रिल

दादा,

तोंडाने बोलता येत नाही, म्हणून पत्र. जबडा तारेने बांधलाय. डॉक्टर तार ओवत होते तेव्हा मी बघत होते. आमच्याकडे वाघळाच्या पंखात घालतो तसलीच, फक्त चांगल्या प्रतीची. नळीने दूध आणि पातळ सूप. समोरचे दात गेले. आगपेटी कोणी आणून दिली नाही.

तुझ्या वकिलांनी कोर्टात अर्ज केला म्हणे, की बहिणीने पत्रं लिहून बोलावून घेतलं आणि पोलिसांच्या तोंडी दिलं. बोलावून घेतलं हे खरं आहे. लपवत नाही. पण पत्रं तुझ्याकडे आहेत, पुन्हा वाच. 'ये' असं एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. 'नको येऊस', 'तिथेच राहा', 'गैरसमज आहे', हेच सापडेल. तुटकी कडी लिहिली, अर्धी ओळ लिहिली, बुधवार लिहिला. हौदाकाठी स्पीकर लावतात तसा पत्रातून आवाज लावला आणि गप्प बसले. ज्याला बायकोशिवाय दुसरं काही ऐकायचं असतं, त्याने त्या पत्रांत बहिणीची विनवणीही ऐकली असती. मी खरंच वाट बघितली, दादा. तू न येण्याची. दुपार उलटली तेव्हा वहिनीला म्हणालेही, बघ, नाही आला, सुधारला असेल.

दुसरा मार्ग होता का? आम्ही ठाण्यात गेलो होतो. तू मामाच्या फोनवरून ठकीच्या शाळेत चौकशी केलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. फौजदारबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तो हुकूम मोडत नाही तोवर माझे हात बांधलेत. नुसत्या चौकशीवर जामीन रद्द होत नाही. तो आला तर मला कळवा." वहिनी म्हणाली, "आला तर कळवायला मी उरायला हवी ना?" मग मी म्हटलं, तो कधी आणि कुठल्या दाराने येईल, हे आम्ही ठरवलं तर? वाघूळबाईंची सगळी विद्या मी त्यांना टेबलावर बोटाने काढून दाखवली. तुझं चार ओळींचं पत्रही नंतर नेऊन दिलं, पण त्यावर ना सही ना नाव, तेवढ्यावर अटक होईना.

ठरलं होतं ते असं. ठकी शाळेतल्या बाईंच्या घरी. वहिनी तळघरातल्या जाळीच्या खोलीत, जिथे आमची विषं आणि औषधं असतात, आतून कुलूप लावून. तिने तिथे बसून गुणगुणायचं. मी दिवे मालवून माझ्या टेबलाखाली. फौजदारबाई दोन शिपायांना घेऊन उतारावरच्या खोक्यांमागे. तू दारातून आत पाऊल टाकलंस की हुकूम मोडला, की त्यांनी मागून धरायचं. कोणाला ओरखडाही यायचं कारण नव्हतं.

चूक आमची झाली आणि ती आमच्याशिवाय कोणाची झालीच नसती. बाहेरची कडी तुटकी आहे हे आम्ही सगळ्यांना सांगितलं. आतून अडसर आहे, हे सांगायचं राहिलं. फॉर्मेलिनचं पिंप उघडलं की कोणी आत येऊन डोळे जाळून घेऊ नये म्हणून आम्ही तो आतून टाकतो. रोज टाकतो. इतका रोज, की तो आहे हे दोघींच्या डोक्यातच आलं नाही. तू आत आलास, हाताने दार चाचपलंस आणि अडसर टाकलास. तो पडल्याचा आवाज मी टेबलाखाली ऐकला. बाहेर फौजदारबाईंनी दारावर खांदे मारायला सुरुवात केली. ते दार जाड आहे, हत्तीची कवटी आत आणताना बसवलेलं.

तू घाबरला नाहीस. पोलीस आहेत हे कळलं आणि तरी मागे वळला नाहीस. हे मला कळायला हवं होतं. झेप घेतलेली असली की जाळं कळत नाही.

गुणगुणणं थांबलं होतं. पण तुला दिशा कळली होती. माझ्या टेबलावरचा हातोडा तुझ्या हाताला लागला. जाळीच्या दारापाशी जाऊन तू हळू आवाजात, अगदी बाबांच्या आवाजात म्हणालास, "ये बाहेर. मी काही करत नाही. बोलू आपण." आणि कुलपावर पहिला घाव घातलास. मग दुसरा. मधेमधे बोलत होतास. "तुझ्यामुळे माझी पोर गेली. तुझ्यामुळे नोकरी गेली. एक कान राहिलाय ना? तोही भाजतो." वहिनीचा आवाज नाही. कोयंड्याचा एक खिळा निघून फरशीवर घरंगळत माझ्यापर्यंत आला.

तेव्हा मी खोकले.

तू कोर्टात सांगणार आहेस म्हणे, की अंधार होता, बहीण आहे हे कळलं नाही. दादा, तू थांबलास. तोंड वळवलंस. "बेडके?" म्हणालास. आधी म्हणालास आणि मग आलास. केसांना धरून बाहेर ओढायला लागलास तेव्हा मी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला, हातपाय ताणले आणि टेबलाच्या पायांमध्ये अंग अडकवून घेतलं. चाळीशी उलटलेली, जाडी, बुटकी बाई. तुला ओढता येईना. तेवढ्याला मी पुरले. मग तू हातोडा फिरवलास. पहिला खांद्यावर, दुसरा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज बाहेरून ऐकण्याची मला सवय आहे, आतून पहिल्यांदाच ऐकला. "तूपण? तूपण?" असं तू विचारत होतास आणि प्रत्येक 'तूपण'ला एक घाव. तोंडात दात सुटे झाले. मी तुझा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला, कारण तो पाय जाळीकडे वळला असता तर माझं खोकणं फुकट गेलं असतं.

मग कुलूप उघडलं. आतून, किल्लीने. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. वहिनी गुणगुणली नाही, ओरडली नाही. फडताळाची लोखंडी पट्टी तिने दोन्ही हातांत धरली होती. पहिला फटका तुझ्या मनगटावर, तो हातोडा पडला. मनगट गेलं, हे मला आवाजावरून कळलं. दुसरा गुडघ्यावर. तिसरा तू खाली पडल्यावर, तोंडावर. चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी ती पट्टी खांद्यामागे न्यायची आणि मोडून जुळलेलं गळ्याचं हाड दुखत असणार, कारण ती कण्हायची. मी तिला थांबवलं नाही. थांबवता आलं असतं, एक हात मोकळा होता. दार फुटलं आणि फौजदारबाईंनी तिला मागून मिठी मारून बाजूला केलं. वहिनी म्हणाली, "सोडा, मी थांबलेय." मग ती माझ्यापाशी बसली आणि तिच्या ओढणीत माझे दात गोळा करायला लागली.

पेटी अजून खालीच होती, तिची एक काच तडकली आणि वाघळाचा डावा पंख तुटला. साहेब दवाखान्यात येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करून झाल्यावर, बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करून म्हणाले, "पंख पुन्हा बसेल ना हो?" मी पाटीवर लिहिलं, "बसेल. जबड्याआधी."

बेडकी


६ मे

दादा,

तुरुंगाच्या शिक्क्याचं तुझं पाकीट मिळालं. डाव्या हाताने लिहिलं आहेस, लहानपणीसारखं अक्षर आलंय. शिव्या असतील म्हणून दोन दिवस फोडलं नाही. वहिनीने फोडून दिलं आणि ठकीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. आता दोघी माझ्याकडेच राहतात, हे लपवायचं कारण उरलं नाही. ठकी सध्या नळी धरून मला दूध पाजते आणि सांडलं की मलाच ओरडते.

शिव्या नव्हत्या. एकच प्रश्न होता. "तू खोकलीस का? गप्प बसली असतीस तर तुला मी हात लावला नसता."

ते मला ठाऊक आहे. तू कधीच लावला नाहीस. खटल्यात मी साक्ष देणार आहे, जबडा सुटला तर तोंडाने, नाही तर लिहून, आणि पहिल्या घावापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगणार आहे. तुला शिक्षा व्हावी असं मला वाटतं. तू आत असलास की मला झोप लागते. आणि तू तिथे डाव्या हाताने जेवत असशील हे मनात आलं की घास, म्हणजे घोट, घशाखाली उतरत नाही. दोन्ही खरं आहे. काय करू?

पेटी वर बसली. पोरं काचेला नाक लावून बघतात. वर कान टवकारलेलं वाघूळ, खाली फुगलेला भेक, त्याच्या एका तंगडीच्या जागी मी मेणाची बसवली आहे. लेबल वहिनीने लिहिलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच मला एकदा दिलं होतंस. बाबा झोपले होते आणि तू रक्ताने भरलेलं तोंड घेऊन शिवणयंत्राखाली माझ्याशेजारी येऊन बसलास. मी विचारलं, दादा, तू का खोकलास? गप्प बसला असतास तर त्यांनी तुला मारलं नसतं. तू बाहीने तोंड पुसलंस आणि बोबडं म्हणालास, "त्यांचं तोंड तुझ्याकडे वळलं होतं."

दादा, तुझं तोंड वहिनीकडे वळलं होतं.

बेडकी